गाणं ऐकवायचं आहे की फाइल वाटायची आहे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

सगळ्या उत्तरांना लागणारी एक माहिती आधी. ध्वनिमुद्रित गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा. तो गीतकार-संगीतकाराकडे किंवा त्यांच्या प्रकाशकाकडे असतो. दुसरा ध्वनिमुद्रणाचा, तो सहसा कंपनीकडे, किंवा कलाकाराने स्वतःच्या खर्चाने रेकॉर्ड केलं असेल तर त्याच्याकडे. अल्बमच्या पाठीमागे वर्तुळातलं ‘पी’ दिसतं ते ध्वनिमुद्रणासाठी असतं, वर्तुळातलं ‘सी’ सहसा मुखपृष्ठ आणि छापील मजकुरासाठी. एका हक्कदाराने परवानगी दिली म्हणून दुसऱ्याची मिळाली असं होत नाही. बहुतेक गफलती इथेच होतात.

प्रश्न: अल्बम मी पैसे देऊन घेतला आहे. त्याच्या फाइल्स मित्रांच्या ग्रुपवर टाकल्या तर बिघडलं कुठे? सीडी आपण एकमेकांना देतच होतो.

सीडी दिली की ती तुमच्याकडून जाते. फाइल पाठवली की तुमची तुमच्याकडेच राहते आणि समोर नवी प्रत तयार होते. ग्रुपमध्ये चाळीस जण असतील तर चाळीस प्रती. विकत घेतलेली वस्तू पुढे देण्याचा हक्क त्या वस्तूपुरता असतो, तिच्या नव्या प्रती काढण्याचा नसतो. अमेरिकेत रीडिजी नावाच्या कंपनीने विकत घेतलेल्या संगीत फाइल्सची पुनर्विक्री सुरू केली होती. विकणाऱ्याच्या यंत्रातून फाइल पुसली जाते, असं तिचं म्हणणं होतं. तरीही २०१८ मध्ये अपील न्यायालयाने तिच्या विरोधात निकाल दिला, कारण घेणाऱ्याकडे फाइल पोचवताना नवी प्रत बनतेच.

अनेक देशांत स्वतःच्या वापरासाठी प्रत काढायला मुभा आहे: सीडीवरून फोनमध्ये, फोनवरून बॅकअपमध्ये. ती मुभा ग्रुपपर्यंत पोचत नाही.

जिवलग मित्राला एक गाणं पाठवणं आणि अख्खा अल्बम ग्रुपवर टाकणं या गोष्टी आमच्या मते सारख्या नाहीत. ग्रुपवरची फाइल थांबत नाही. दोन-तीन फॉरवर्डनंतर ती ‘ट्रॅक ०४’ नावाने फिरू लागते. गायकाचं नाव, वर्ष, वादकांची यादी सगळं गळून पडतं. ज्याला गाणं आवडलं त्याला कलाकारापर्यंत पोचायचा रस्ताच उरत नाही. तुम्हाला ऐकवायचं असेल तर कलाकाराच्या अधिकृत पानाची लिंक द्या आणि सोबत दोन ओळी लिहा, काय ऐकायचं ते सांगणाऱ्या. भेटच द्यायची असेल तर कलाकार आपलं संगीत थेट विकतात अशा बॅंडकॅम्पसारख्या ठिकाणी अल्बम दुसऱ्याच्या नावाने विकत घेता येतो.

प्रश्न: माझ्या व्हिडिओत फक्त दहा सेकंद गाणं आहे, क्रेडिट दिलं आहे, पैसेही कमवत नाही. तरी यूट्यूबवर क्लेम आला. दहा सेकंदांची सूट असते ना?

नसते. सात, दहा, तीस सेकंदांचा असा सर्वसाधारण नियम कुठल्याच कायद्यात नाही. क्राफ्टवेर्क या जर्मन गटाच्या ध्वनिमुद्रणातून उचललेल्या सुमारे दोन सेकंदांच्या तुकड्यावरून वर्षानुवर्षं खटला चालला. २०१९ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितलं की तुकडा अगदी छोटा असला तरी, कानाला ओळखू येत असेल तर निर्माता हरकत घेऊ शकतो. तुम्ही त्या गाण्याबद्दलच बोलत असाल, त्याचं विश्लेषण किंवा समीक्षा करत असाल, तर गरजेपुरता अंश वापरायला बऱ्याच देशांत जागा आहे. दृश्यामागे लावलेल्या पार्श्वसंगीताला ती लागू पडणं अवघड. क्रेडिट देणं योग्यच, पण श्रेय म्हणजे परवानगी नव्हे. ‘हक्कभंगाचा हेतू नाही’ या वाक्यानेही काही साधत नाही.

क्लेम आणि स्ट्राइक वेगळे, हे लक्षात ठेवा. कंटेंट आयडी ही यंत्रणा आवाजाचा ठसा जुळवून आपोआप क्लेम लावते. मग जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात, व्हिडिओ काही देशांत किंवा सगळीकडे अडतो, किंवा नुसती नोंद राहते. चॅनेलवर डाग लागत नाही. स्ट्राइक मात्र कायदेशीर तक्रारीवरून येतो. ९० दिवसांत तीन झाले की चॅनेल बंद होऊ शकतं.

क्लेमचा तपशील उघडा. कुठून कुठपर्यंतचे सेकंद जुळले, दावा कोणाचा आणि तो रचनेवर आहे की ध्वनिमुद्रणावर, हे पाहा. गाणं तुम्ही स्वतः गायलं असेल तरी रचनेचा दावा येऊ शकतो, आणि तो बरोबरच असतो. दावा खरा असेल तर यूट्यूबच्या एडिटरमध्ये तेवढा भाग कापा, गाणं म्यूट करा किंवा बदला; व्हिडिओचा पत्ता आणि व्ह्यूज तसेच राहतात. दावा चुकीचा असेल तर हरकत नोंदवा. पाच दिवसांच्या आत नोंदवली तर जाहिरातीचं उत्पन्न पहिल्या दिवसापासून बाजूला राखून ठेवलं जातं. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात. त्याने नाकारलं तर तुम्ही अपील करू शकता, त्यावर उत्तर द्यायला त्याला ७ दिवस. अपिलानंतर तो थेट कायदेशीर तक्रार करू शकतो, म्हणजे स्ट्राइक. म्हणून हातात लायसन्स, परवानगीपत्र किंवा समीक्षेसारखा ठोस आधार असेल तरच इथवर जा. गाण्याचा वेग किंवा पट्टी किंचित बदलून यंत्रणेला चकवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. गाणं बिघडतं आणि तुम्ही जाणूनबुजून केलंत हे आपोआप सिद्ध होतं.

प्रश्न: टॉरंटवरून मी फक्त उतरवतो, कोणाला देत नाही. आणि तसंही स्ट्रीमिंगमधून कलाकाराला काय मिळतं?

पहिलं वाक्य तांत्रिकदृष्ट्याच चुकीचं आहे. बिटटॉरंटमध्ये फाइलचे तुकडे होतात आणि तुमच्याकडे आलेला तुकडा त्याच वेळी इतरांना जाऊ लागतो. फाइल पूर्ण झाल्यावर सीडिंग (ती इतरांना देत राहणं) बंद केलंत तरी तोवर तुम्ही वाटप केलेलं असतं. तुमचा आयपी पत्ताही त्या झुंडीतल्या प्रत्येकाला दिसतो. हक्कदारांनी नेमलेले लोक तो तिथूनच टिपतात.

दुसऱ्या वाक्यात मात्र तथ्य आहे. बहुतेक सेवा वर्गणी आणि जाहिरातींचं उत्पन्न एका गंगाजळीत टाकतात आणि एकूण ऐकण्यातल्या वाट्याप्रमाणे वाटतात. तुम्ही महिनाभर एकाच अनोळखी गायिकेला ऐकलंत तरी तुमच्या वर्गणीचा मोठा भाग सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्या नावांकडे जातो. २०२४ पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याचे मागच्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम्स झालेले नाहीत, त्याला ध्वनिमुद्रणाचा मोबदलाच मिळत नाही. ही अन्यायकारक रचना आहे, असं आम्हालाही वाटतं. पण तिच्यावर टॉरंटचा उतारा चालत नाही. कमी मिळत होतं ते शून्यावर येतं. स्ट्रीमिंगवर ओळख करून घ्या आणि जे खरोखर आवडलं ते कलाकाराकडून थेट विकत घ्या. बॅंडकॅम्प डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के कापतं आणि विक्री ठरावीक टप्प्यापुढे गेली की १०. व्यवहाराचं शुल्क वेगळं. एका अल्बमच्या खरेदीतून मिळणारी रक्कम स्ट्रीम्समधून यायला हजारांच्या घरात ऐकणी लागू शकतात.

प्रश्न: एक जुनी रेकॉर्ड कुठेच मिळत नाही. कंपनी बंद पडली, कलाकार हयात नाहीत. ती अपलोड केली तर संगीत वाचवल्याचंच काम होईल ना?

वाचवणं आणि अपलोड करणं ही दोन कामं आहेत. पहिलं आजच करा, त्याला सहसा कोणाची आडकाठी नसते. रेकॉर्ड नीट स्वच्छ करून २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर वेव्ह फाइल बनवा. या मूळ फाइलवर खरखर काढण्याचा कुठलाही फिल्टर लावू नका. खरखरीबरोबर तंबोऱ्याचा झंकार आणि श्वासही जातो, आणि गेलेलं परत येत नाही. सफाई करायचीच असेल तर वेगळ्या प्रतीवर करा. लेबलच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा, शेवटच्या खाचेजवळ कोरलेला मॅट्रिक्स नंबर टिपून ठेवा, फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि चेकसम (फाइल पुढे बदलली नाही ना, हे पडताळण्याचा आकडा) नोंदवा.

मग हक्क तपासा. कंपनी बंद पडली म्हणजे हक्क संपले असं नव्हे. तिचा संग्रह बहुधा दुसऱ्या कोणी तरी विकत घेतलेला असतो. कलाकार गेले तरी वारस असतात. मुदतीही देशागणिक वेगळ्या. रचनेसाठी बर्न कराराची (कलाकृतींच्या हक्कांबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) किमान मर्यादा निर्मात्याच्या मृत्यूनंतर ५० वर्षं. भारतात ती ६०, युरोपीय संघात ७०. ध्वनिमुद्रणासाठी भारतात प्रकाशनानंतर ६० वर्षं. अमेरिकेत १९२३ पूर्वीची ध्वनिमुद्रणं १ जानेवारी २०२२ ला एकदम खुली झाली आणि १९२३ ते १९४६ दरम्यान प्रकाशित झालेल्यांना शंभर वर्षांची मुदत आहे. इथे लोक हमखास फसतात: मोझार्ट १७९१ मध्ये गेला, त्याची रचना कोणाचीही, पण ती वाजवणाऱ्या वाद्यवृंदाचं १९९५ चं ध्वनिमुद्रण अजून हक्काखाली आहे.

हक्क शिल्लक असतील तर वर्तुळातल्या ‘पी’पुढचं नाव आणि कॅटलॉग क्रमांक घेऊन शोध सुरू करा. संगीतकारांच्या हक्कसंस्थांच्या सूचीत रचना सापडते, तिथून प्रकाशक कळतो. पत्रात चारच गोष्टी लिहा: नेमकं कोणतं ध्वनिमुद्रण, कुठे ठेवणार, जाहिराती लावणार नाही, सांगताच काढून टाकीन. उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहा. मौन म्हणजे होकार नव्हे.

मालकच सापडत नाही अशा कृतींसाठी युरोपीय संघाने २०१२ मध्ये निर्देश काढला, पण तो ग्रंथालयं, संग्रहालयं, अभिलेखागारं अशा संस्थांसाठी आहे, व्यक्तींसाठी नाही. म्हणून मूळ रेकॉर्ड आणि फाइल एखाद्या ध्वनिसंग्रहालयाला द्या. त्यांच्याकडे ऐकवण्याची कायदेशीर सोय असते. कॅटलॉग क्रमांक, साल, वादकांची नावं, रागाची नोंद ही माहिती मात्र खुशाल प्रसिद्ध करा, कारण नुसत्या तथ्यांवर कोणाचा हक्क नसतो आणि संशोधकाला बऱ्याचदा तीच हवी असते.

इथे आमचं मत कायद्यापेक्षा मऊ आहे. जे विकतच मिळत नाही ते जपून, श्रेय देऊन, जाहिरातीविना ऐकवणाऱ्याला आम्ही कालच आलेला अल्बम फोडणाऱ्याच्या पंक्तीत बसवणार नाही. पण धोका तुमचा असेल हे समजून पाऊल टाका, आणि वारसांनी ‘काढा’ म्हटलं तर वाद न घालता काढा.

प्रश्न: क्रिएटिव्ह कॉमन्सचं संगीत म्हणजे फुकट आणि मोकळं ना?

फुकट हो, मोकळं लायसन्सपुरतं. क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे निर्मात्याने काही अटींवर सगळ्यांना आधीच दिलेली परवानगी; अटी लायसन्सच्या नावातल्या अक्षरांवरून कळतात. ‘बाय’ म्हणजे श्रेय बंधनकारक. ‘एनसी’ म्हणजे व्यावसायिक वापर नाही. ‘एनडी’ म्हणजे बदल करून पुढे देता येत नाही. ‘एसए’ म्हणजे बदललेली कृती त्याच अटींवर द्यायची. अनेकांच्या नजरेतून सुटणारं कलम असं: संगीत चित्राच्या हालचालीशी जुळवून व्हिडिओत बसवलं की ती रूपांतरित कृती धरली जाते. म्हणजे एनडी संगीत व्हिडिओमागे लावून तो प्रसिद्ध करता येत नाही, मग तुम्ही सूरही हलवला नसला तरी. एसए संगीत लावलंत तर तुमचा व्हिडिओही त्याच लायसन्सखाली द्यावा लागतो. श्रेयात कृतीचं नाव, निर्माता, मूळ लिंक आणि लायसन्सचं नाव हे चारही हवेत. काही चुकलं तर लायसन्सच्या ४.० आवृत्तीत, कळल्यापासून ३० दिवसांत दुरुस्ती केली की हक्क परत मिळतो. डाउनलोड करताना लायसन्सच्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. पानं नंतर बदलतात.

प्रश्न: मैफलीत फोनवर केलेलं रेकॉर्डिंग टाकलं तर? रेकॉर्ड तर मीच केलं.

यंत्र तुमचं, सादरीकरण कलाकाराचं. त्याला स्वतंत्र हक्क आहे, शिवाय रचनेचा हक्क आहेच. आधी विचारा. काही कलाकार आनंदाने हो म्हणतात: ग्रेटफुल डेड या अमेरिकी बॅंडने १९८४ पासून श्रोत्यांच्या रेकॉर्डिंगसाठी वेगळी जागाच ठेवली, अट इतकीच की पैसे कमवायचे नाहीत. नाही म्हणणाऱ्याचंही कारण असतं. बसका आवाज किंवा चाचपडत घेतलेली तान कायमची फिरत राहावी असं कोणाला वाटेल?

प्रश्न: मी स्वतः गाणी करतो. माझं गाणं दुसऱ्यांनी अपलोड केलं आहे. लगेच काढायला लावू?

कोणी टाकलं ते आधी पाहा. चाहत्याने प्रेमाने टाकलं असेल तर त्याला लिहा, अधिकृत लिंक द्या आणि तीच लावायला सांगा. बहुतेक जण ऐकतात आणि तुमचा श्रोता टिकतो.

पैशांसाठी टाकलं असेल तर नोटीस पाठवा. इंटरनेटवरच्या हक्कभंगाविषयीच्या अमेरिकी डीएमसीए कायद्याच्या (१९९८) पद्धतीने तिच्यात तुमच्या कृतीची ओळख, भंग करणाऱ्या पानाचा नेमका पत्ता, तुमचा संपर्क, हा वापर परवानगीविना आहे अशी प्रामाणिक समजूत असल्याचं विधान, माहिती खरी असल्याचं विधान, तुम्ही हक्कदार किंवा त्याचे अधिकृत प्रतिनिधी असल्याचं प्रतिज्ञापूर्वक कथन आणि सही लागते. नुसती चॅनेलची लिंक चालत नाही, प्रत्येक व्हिडिओची वेगळी द्या. समोरच्याने प्रतिनोटीस दिली तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कोर्टात गेल्याचं दाखवावं लागतं, नाहीतर काढलेला व्हिडिओ परत येतो. नोटीस पाठवण्याआधी तो वापर रास्त ठरतो का, याचा विचार करणं अमेरिकेत बंधनकारक आहे. घरात नाचणाऱ्या बाळाच्या २९ सेकंदांच्या व्हिडिओवर एका बड्या कंपनीने नोटीस पाठवली, तेव्हा २०१५ मध्ये अपील न्यायालयाने हेच सांगितलं.

गाणं कंटेंट आयडीत नोंदवण्यापूर्वी त्यातला प्रत्येक आवाज तपासा. बीट किंवा लूप बिगर-एकाधिकार लायसन्सवर घेतला असेल तर गाणं नोंदवू नका. तोच बीट घेतलेल्या इतर शेकडो जणांवर तुमच्या नावाने खोटे क्लेम लागतील आणि वितरक तुमचं खातं रोखू शकतो.