नळी असलेल्या रुग्णाच्या कल्चरमध्ये तीन जिवाणू का येतात?

तासगावहून आपण विचारले आहे की, अर्धांगवायूमुळे वडिलांना कित्येक महिन्यांपासून लघवीची नळी आहे, ताप नाही, पण कल्चरमध्ये (लघवीतील जिवाणू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत) प्रोटिअस, प्रॉव्हिडेन्सिया आणि एन्टेरोकॉकस अशी तीन जिवाणूंची नावे आली आहेत. तर नमुना दूषित झाला असेल, की तिन्हींवर वेगवेगळी औषधे द्यावी लागतील? मिरजेत प्रयोगशाळेत काम करताना असे रिपोर्ट मी नेहमी पाहत आलो आहे आणि माझ्या मते येथे दोन्ही लागू नाही.

नळी नसलेल्या माणसाच्या लघवीत तीन जाती सापडल्या, तर नमुना घेण्यात गफलत झाली असे धरणे रास्तच आहे. परंतु नळी महिनाभराहून अधिक काळ राहिली की जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जिवाणू आढळतात आणि बहुधा ते एकापेक्षा अधिक जातींचे असतात. नळीमुळे मूत्राशयाच्या अस्तराला इजा होते, रक्तातील फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन नळीवर साचते आणि एन्टेरोकॉकस फीकॅलिस त्यालाच धरून बसतो. पुढे इतर जाती येऊन सर्वांचा मिळून एक चिकट थर तयार होतो, ज्यास बायोफिल्म म्हणतात. त्यातील जिवाणूंवर औषधाचा परिणाम फार कमी होतो.

हे शेजारी एकमेकांच्या उपयोगी पडतात. प्रोटिअसचे युरिएज हे विकर युरियापासून अमोनिया बनवते, त्यामुळे लघवी अल्कधर्मी होते आणि मॅग्नेशियम-अमोनियम फॉस्फेटचे स्फटिक नळीवर बसू लागतात. काढलेल्या नळीच्या टोकावरील पांढरट पापुद्रा हातमोजा घालून चोळून पाहा, वाळूसारखी कचकच लागते. प्रॉव्हिडेन्सिया सोबत असेल तर युरिएजची ही क्रिया आणखी वाढते; उंदरांवरील प्रयोगांत या जोडीमुळे खडे होण्याचे आणि जिवाणू रक्तात शिरण्याचे प्रमाणही वाढलेले दिसले. याउलट, ई. कोलायसारखी जात नळीवर आधीच बसलेली असेल, तर प्रोटिअसमुळे नळी तुंबण्यास उशीर होतो, असेही प्रयोगशाळेतील कृत्रिम मूत्राशयांत आढळले आहे. (पिशवी कधी जांभळी दिसली तर घाबरू नये, तोही यांच्यापैकी काही जिवाणूंनी बनवलेल्या रंगद्रव्यांचाच परिणाम असतो.)

म्हणून रिपोर्टमधील एकेका नावावर औषध शोधत बसणे मला निरर्थक वाटते. एन्टेरोकॉकसकडे पाहून नायट्रोफ्युरँटॉइन हे अँटिबायोटिक सुरू केले, तर प्रोटिअस आणि प्रॉव्हिडेन्सिया त्याला मुळातच दाद देत नाहीत. लक्षणे नसताना अँटिबायोटिक दिल्याने थर तसाच राहतो आणि प्रतिकारक्षम जिवाणू तेवढे वाढतात. गर्भवती स्त्रिया आणि मूत्रमार्गाची रक्तस्राव होऊ शकेल अशी शस्त्रक्रिया व्हायची असलेले रुग्ण एवढेच प्रमुख अपवाद. मात्र थंडी वाजून ताप, कंबरेच्या बाजूला दुखणे किंवा अचानक आलेली गुंगी यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. नळी दोन आठवड्यांपेक्षा जुनी असेल तर ती बदलून नव्या नळीतूनच नमुना घ्यावा, पिशवीतून कधीही घेऊ नये. आणि नळी वारंवार तुंबत असेल, तर मूत्राशयात खडा आहे का, हे सोनोग्राफीने पाहण्याविषयी डॉक्टरांना विचारावे.