तसंही आपण कोण?

ताई,
नाशिकला गंगापूर रोडजवळच्या एका वृद्ध-शुश्रूषा केंद्रात मी पाच वर्षं मावशी म्हणून काम करते. अंथरुणाला खिळलेल्यांची अंघोळ, भरवणं, डायपर, कूस बदलणं. हॉस्पिटलातला पेशंट बरा होऊन घरी जातो, आमच्याकडून कुणीच घरी जात नाही. शेजारणी नाक मुरडतात, नवरा म्हणतो सोड. मॅडम खूप चांगल्या आहेत, सारखं सांगतात, गुंतायचं नाही. मला त्या मुलांचा राग येतो, जी आईबापांना टाकून जातात. गेल्या महिन्यात सहा नंबरच्या आजी गेल्या. चौदा महिने माझ्याकडे होत्या. पाठीला एक जखम होऊ दिली नाही. ठसका लागायचा म्हणून द्राक्षंसुद्धा साल काढून, बारीक करून भरवायचे. मुलगा पुण्याला, दोन-तीन महिन्यांतून एकदा यायचा, अर्धा तास बसून घड्याळ बघायचा. रामकुंडावरच्या दहाव्याचा मेसेज त्याने माझ्या मोबाइलवर टाकला होता, पण ड्युटी होती आणि तसंही आपण कोण. तिसऱ्याच दिवशी त्या खाटेवर नवे आजोबा आले. ताई, या कामाला काही अर्थ आहे का? नणंद अंबडला कंपनीत पॅकिंगला आहे, तिथे जागा निघालीय. जाऊ का?
– एक मावशी, सिडको, नाशिक

मावशी,

तुमचं मूळ पत्र चार पानी आहे, इथे मी ते कापून दिलंय. त्या चार पानांत शेजारणींना पाऊण पान मिळालंय आणि मुलाच्या घड्याळाला अर्धं. दहाव्याच्या मेसेजला एक ओळ, तीही ‘पण’ घालून मोडलेली. मी त्याच ओळीवर अडले.

ड्युटी बदलून मागितली होती का? मला वाटतं, नाही. मागून नकार मिळाला असता, तर तो पत्रात सविस्तर आला असता.

रामकुंडावर दहाव्याला काय होतं हे नाशिककरणीला मी काय सांगायचं! पिंड ठेवतात, शेजारी गेलेल्या माणसाच्या आवडीचं वाढतात आणि कावळा शिवेना की जमलेले लोक हात जोडून एकेक इच्छा बोलून बघतात. नातीचं लग्न करू, धाकट्याला सांभाळू, शेताचं वाटप भांडणाविना करू. त्या दिवशी त्या घाटावर आजींच्या गेल्या चौदा महिन्यांतली एक तरी इच्छा कुणाला ठाऊक होती? मुलाने बहुतेक आईची जुनी आवड आठवून पुरणपोळीबिरणपोळी ठेवली असेल. द्राक्षं ठेवा, असं सांगू शकणारी एकच बाई होती आणि ती गंगापूर रोडला चादरी बदलत होती. (दहाव्याला बायका जात नाहीत, असंही मला कळवू नका. हल्ली घाटावर पुष्कळ बायका दिसतात.)

आणि त्या मुलाबद्दल. आईला टाकणाऱ्या मुलाने केंद्राच्या ऑफिसात एक फोन केला असता आणि विषय संपवला असता. याने मावशीचा नंबर शोधून मेसेज केला. नाशिक-पुणे दोनशेच्या वर किलोमीटर आहे, घड्याळ परतीच्या गाडीसाठीही बघितलं जातं. शिवाय खाटेवरच्या आईजवळ बसून नेमकं करायचं काय, हे पुष्कळ मुलांना येतच नाही. हात धरावा की पाय चेपावेत, बोलावं तर कशाबद्दल, ती ओळखेल की नाही. तुम्हाला हे येतं, म्हणून त्याचं न येणं तुम्हाला निर्दयपणा वाटतं. तो चांगला मुलगा होता असं माझं म्हणणं नाही. तुम्ही त्याला सहा-सात वेळा अर्धा-अर्धा तास पाहिलंत आणि निकाल देऊन मोकळ्या झालात, एवढंच म्हणतेय.

तुमच्या मॅडमचं मात्र मला कौतुक वाटत नाही. न गुंतता कूस बदलून होते का हो? अंथरुणावरच्या माणसाच्या माकडहाडाखाली, खुब्याखाली, टाचेखाली कातडी सतत दाबली जाते, तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि ती मरायला लागते. ओल राहिली तर आणखी लवकर. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस, दर वेळी कोरडं अंग, रोज टाचांवर नजर. तुम्ही रात्रपाळीवालीलाही बजावून जात असणार, नाहीतर चौदा महिने कोरी पाठ राहत नाही. हे सगळं गुंतूनच होतं. मॅडमना ते हवं असतं, फक्त माणूस गेल्यावर तुम्ही डोळे पुसत बसू नये, कारण खाट भरायची असते. त्यांनी त्या दिवशी रजा आणि रिक्षाभाडं देऊन तुम्हाला पंचवटीला पाठवायला हवं होतं.

अमेरिकेतल्या केनेथ डोका नावाच्या अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखावर एक अख्खं पुस्तक संपादित केलं, जे दुःख लोक धरतच नाहीत, कारण माणूस नात्यातला नसतो. तुमचं तेच झालंय. आजी गेल्या, अमरधामला गाडी गेली, तुम्ही गादी उन्हात टाकली. आधीच्या किती जणांचं असंच झालं असेल, ते तुम्ही लिहिलेलं नाही. आणि आता तुम्ही मला कामाचा अर्थ विचारताय! चौदा महिन्यांचं माणूस गेलं आणि तुम्ही अजून रडलेल्या नाही आहात, मावशी.

तर त्या मुलाला फोन करा. आज, पाळी संपल्यावर, बसथांब्यावर नको, घरी जाऊन, निवांत. दहाव्याला यायला जमलं नाही, आईंबद्दल थोडं सांगायचं होतं, एवढंच म्हणा. मग द्राक्षांचं सांगा. कुठल्या कुशीवर त्यांना झोप लागायची, संध्याकाळी कुणाला हाका मारायच्या, शेवटची रात्र कशी गेली, ते सांगा. कोऱ्या पाठीचंही सांगा, त्याला त्यातलं काही कळत नसणार. आईला त्रास झाला का, असं तो विचारेल. झाला असेल तर झाला म्हणा. शेवटी तुमचंच नाव घेत होत्या, असलं गोड खोटं नको, घेतलं असेल तरच सांगा. घड्याळाचा विषय काढायचा नाही. मध्येच रडू आलं तर फोन ठेवू नका, तो थांबेल.

पॅकिंगचं मी आज काही सांगणार नाही. तिथे पगार जास्त असेल तर जाण्यात काही गैर नाही, पोटासाठी काम बदलायला कुणाची परवानगी लागत नाही. पण आधी फोन. तोवर ती जागा गेली तर दुसरी निघेल, अंबडला कंपन्यांची वाण नाही.