रेडिओवर फास्ट बोलायची घाई सोड

अरे,

विमान सांभाळता येतं पण रेडिओचं बटण दाबलं की त त प प होतं असं लिहिलंयस, होतं रे, सगळ्यांचंच होतं. पण ते एअरलाइनवाल्यांसारखं फटाफट बोलायची प्रॅक्टिस चालू केलीयेस ना, ती आधी बंद कर. तसं बोललास की कंट्रोलर 'से अगेन' (परत सांग) म्हणणार आणि सगळी रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून.

फ्रिक्वेन्सी बदलली की लगेच तोंड उघडू नकोस, जरा ऐक, कोण कुठे आहे ते कळतं आणि कुणाच्या बोलण्यात घुसत नाहीस. आपला विमानातला व्हीएचएफ रेडिओ एएम पद्धतीवर चालतो, दोघांनी एकदम बटण दाबलं तर ऐकणाऱ्याला नुसती शिट्टी ऐकू येते आणि दाबणाऱ्या दोघांना पत्ताच नसतो. स्पेनच्या टेनेरिफ बेटावर २७ मार्च १९७७ ला टेकऑफ घेणारं केएलएमचं विमान रनवेवरच्या पॅन अ‍ॅमच्या विमानावर आदळलं, धुकं होतं, बाकीही कारणं होती, पण थांबा सांगणारा टॉवर आणि आम्ही अजून रनवेवरच आहोत सांगणारं पॅन अ‍ॅम एकाच वेळी बोलले, केएलएमच्या कॉकपिटमध्ये पोचली ती शिट्टी. ५८३ माणसं गेली. टेकऑफ हा शब्द आता क्लिअरन्स (टेकऑफची परवानगी) देताना किंवा रद्द करतानाच वापरतात, एरवी डिपार्चर म्हणतात, ते त्यानंतरच.

रीडबॅकमध्ये, म्हणजे कंट्रोलरने सांगितलेलं परत म्हणून दाखवण्यात, आळस नको. 'होल्ड शॉर्ट रनवे टू सेव्हन' (रनवे २७ च्या अलीकडे थांब) आलं की नुसतं रॉजर म्हणून सुटायचं नाही, 'होल्डिंग शॉर्ट रनवे टू सेव्हन' आणि पुढे तुझा कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव), पूर्ण. नीट ऐकू आलं नसेल तर विचार, अंदाजाने होकार देणारा पायलट मला तरी डेंजर वाटतो, अडखळणारा नाही. आणि तू वळणात असताना कुणी काही विचारलं तर 'स्टँडबाय' म्हण, आधी विमान उडव, उत्तर नंतर दिलं तरी चालतं.

टॉवर नसलेल्या फील्डवर डाउनविंड, बेस, फायनल (उतरण्याआधीच्या फेरीचे टप्पे) एवढं रनवे नंबरसकट सांग, गप्पा नकोत.

मेडे (जिवावरच्या संकटातली मदतीची हाक) म्हणायला मात्र लाजू नकोस. एव्हिआंका ५२ या फ्लाइटचं १९९० मध्ये न्यूयॉर्कजवळ इंधन संपलं, संपत आलंय हे ते सांगत होते, प्रायॉरिटीही मागितली, पण इमर्जन्सी असं स्पष्ट डिक्लेअर केलंच नाही, ७३ जण गेले. ज्या फ्रिक्वेन्सीवर आहेस तिथेच मेडे दे, कुणी उत्तर देईना तर १२१.५ या इमर्जन्सी फ्रिक्वेन्सीवर, आणि ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र) ७७०० हा इमर्जन्सी कोड. नंतर फॉर्मबिर्म भरावे लागले तर भरू.

आणि हो, बटण सोडल्यावर टीएक्स (ट्रान्समिट चालू असल्याची खूण) गेलं का ते बघत जा. बटण अडकलं तर फ्रिक्वेन्सी जाम, वर तू इन्स्ट्रक्टरबद्दल जे काय बडबडतोस ते अख्ख्या सर्किटला (फील्डभोवती फिरणाऱ्या सगळ्या विमानांना) ऐकू जाईल.