नीटचे गुण आणि वॉर्डातलं काम

नीटच्या गुणांवरून पोरगा पुढे वॉर्डात कसं काम करेल ते कळतं का, हा प्रबंधाला विषय चांगला घेतलास, पण आकडे गोळा करण्याआधी जरा थांब. नीट, म्हणजे वैद्यकीयची प्रवेश परीक्षा, ७२० गुणांची; भौतिक, रसायन, जीवशास्त्र. रुग्णाशी बोलणं त्यात कुठेच नाही. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या लेखी परीक्षेशी तिचं बऱ्यापैकी जुळतं, वॉर्डापर्यंत येता येता ते नातं सैल होतं. अमेरिकेत एमकॅटचंही, म्हणजे तिथल्या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचंही, साधारण असंच दिसलंय.

पण संबंध कमी निघाला म्हणून ‘नीट निरुपयोगी’ असं लिहून मोकळा होऊ नकोस. तुझ्याकडे फक्त प्रवेश मिळालेली पोरं आहेत, गुणांनी जवळजवळ सारखी. प्रतवारी झालेल्या पेटीतल्या संत्र्यांवरून आकार आणि गोडीचं नातं शोधण्यासारखं आहे ते.

खरी गोची दुसरीकडे. क्लिनिकल, म्हणजे वॉर्डातल्या कामाचे, गुण देतं कोण? सगळ्यांना सरसकट सत्तर-पंचाहत्तर देणारे सर तुलाही ठाऊक आहेत. त्यापेक्षा ऑस्की घे, म्हणजे स्टेशनं लावून सगळ्यांना तीच कामं करायला लावणारी प्रात्यक्षिक परीक्षा; दोन परीक्षक ठेव, त्यांना नीटचे गुण कळू देऊ नकोस. एक स्टेशन फवारणीतल्या विषबाधेचं कर: कास्तकार घामाघूम, तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. पोरगा ‘कोणतं औषध मारत होता, डबा आणला का?’ विचारतो का, भिजलेले कपडे काढायला लावतो का, ते बघ.

अन् ऑल इंडियाच्या, म्हणजे देशभरातून भरल्या जाणाऱ्या, १५ टक्के जागांतून आलेल्यांची नोंद वेगळी ठेव. रुग्णाचं ‘छातीत चमकून राह्यलं’ हे कळलं नाही म्हणून गेलेले गुण भाषेचे असतात. एथिक्स कमिटीचा अर्ज मात्र याच आठवड्यात टाक, तिथे वेळ लागतो.