आधी तिचे रात्रीचे जेवण सुरू करा

प्रश्न : आम्ही मूळचे पुण्याचे, 12 वर्षांपासून जर्मनीत ओबर्स्टडॉर्फजवळ राहतो. आमची 15 वर्षांची मुलगी लहानपणापासून स्की जंपिंग (पायांना बांधलेल्या लांब पट्ट्यांवरून, म्हणजे स्कींवरून, उतारावर घसरत येऊन हवेत लांब उडी घेण्याचा खेळ) करते. यंदा तिचे वजन चार किलोंनी वाढले आणि उड्या आखूड पडू लागल्या, म्हणून आम्ही तिचे रात्रीचे जेवण नुसत्या सूपवर आणले आहे. तिला क्रीडा वसतिगृहात ठेवावे, की खेळ थांबवून इंजिनिअरिंगकडे वळवावे? – एक वडील

उत्तर : आपण विचारलेल्या दोन पर्यायांपेक्षा सूपचा ओझरता उल्लेखच मला अधिक अस्वस्थ करून गेला. पंधराव्या वर्षी मुलीचे वजन वाढणे ही वाढ आहे, बेशिस्त नव्हे. आणि तिचे जेवण तोडण्याचा निर्णय आपण डॉक्टरांना न विचारता घेतलेला दिसतो. तिची पाळी नियमित येते का, हे तिच्या आईने आजच विचारावे. कमी खाऊन जास्त सराव करणाऱ्या मुलींची पाळी थांबते, हाडे ठिसूळ होतात, आणि या खेळात तर प्रत्येक उडीचा शेवट पायांवर आदळण्यातच होतो.

हलका खेळाडू लांब उडतो, या समजुतीत तथ्य आहे, पण ते अर्धेच. याच कारणाने खेळाडू उपाशी राहू लागले, तेव्हा आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने 2004 पासून स्कीची लांबी उंचीबरोबरच बीएमआयशीही (उंचीच्या मानाने वजन किती, हे दाखवणारा आकडा) जोडली; ठरलेल्या मर्यादेपेक्षा वजन कमी भरले की आखूड स्की वापराव्या लागतात आणि हवेत तोलून धरणारा पृष्ठभागच घटतो. शिवाय मोठ्या टेकडीवर ताशी 90 किलोमीटरच्या आसपास वेगाने उताराच्या टोकाशी आल्यावर उसळी घेण्यासाठी सेकंदाचा जेमतेम तिसरा भाग मिळतो, आणि ती उसळी मांड्यांच्या ताकदीतून येते. ती ताकद सूपवर टिकत नाही. उंची आणि बांधा बदलला की उसळीचे जुने गणित चुकते व ते नव्याने बसवावे लागते. हे काम प्रशिक्षकाचे आहे, स्वयंपाकघराचे नाही. नॉर्वेची मारेन लुंडबी याच खेळातील 2018 ची ऑलिम्पिक विजेती, तरीही वजनासाठी शरीराचे हाल करणार नाही असे जाहीर सांगून ती 2022 च्या ऑलिम्पिकला गेली नाही, आणि नंतर पुन्हा स्पर्धेत उतरली.

आता मार्गाविषयी. ओबर्स्टडॉर्फच्या क्रीडा वसतिगृहात राहून शालेय शिक्षण पुरे करता येते, त्यामुळे इंजिनिअरिंगचे दार आज बंद होत नाही. पुढे जर्मनीतील बहुतेक अव्वल हिवाळी खेळाडू लष्कर, सीमाशुल्क किंवा संघीय पोलीस यांच्या क्रीडा पथकांत पगारावर असतात. मात्र लष्करासाठी आणि राष्ट्रीय संघासाठी जर्मन नागरिकत्व लागते, ज्याचा आपल्या पत्रात उल्लेखही नाही. बक्षिसांवर भिस्त ठेवू नये. 31 डिसेंबर 2024 रोजी गार्मिश-पार्टेनकिर्खेन येथे महिलांची पात्रता फेरी जिंकलेल्या जर्मन स्की जंपर सेलिना फ्राइटागला शॅम्पू आणि टॉवेल मिळाले. पुरुषांतील विजेत्यासाठी 3,000 स्विस फ्रँक होते.

वसतिगृहाचा निर्णय मात्र क्रीडावैद्यकातील डॉक्टरांची तपासणी झाल्यावरच घ्यावा, आणि तोवर घरात तिचे वजन करणे बंद ठेवावे. तिला स्वतःला काय हवे आहे, हे आपल्या एवढ्या पत्रात कुठेही नाही. तिनेच मला लिहावे. मराठी लिहिता येत नसेल तर जर्मनमध्ये लिहिले तरी चालेल, मी वाचून घेण्याची सोय करीन.