सीरियातल्या यादवीत तुर्कमेन नेते अब्दुर्रहमान मुस्तफा यांची नेमकी भूमिका काय होती?

आधी एक गोष्ट: हे तुर्कमेन तुर्कमेनिस्तानचे नव्हेत. अलेप्पो, लताकिया भागात ते पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि सीरियन तुर्की बोली बोलतात. मुस्तफा हे त्यांच्यातले.

ते आधी सीरियन तुर्कमेन सभेचे अध्यक्ष होते. मे 2018 मध्ये राष्ट्राध्यक्ष बशर अल-असद यांच्या विरोधातल्या राष्ट्रीय आघाडीचे प्रमुख झाले आणि 2019 च्या मध्यात विरोधकांच्या हंगामी सरकारचे. नाव सरकार, पण हुकूम चाले तो तुर्कस्तानच्या सैन्याखालच्या उत्तर पट्ट्यातच. 4 ऑक्टोबर 2019 ला तुर्कस्तानातल्या उर्फा शहरात त्यांनी बंडखोर गटांचं विलीनीकरण जाहीर केलं. पाचच दिवसांत तुर्कस्ताननं ईशान्य सीरियात कुर्दांवर चढाई केली आणि हे गट त्यात उतरले. जून 2020 पासून याच उत्तर पट्ट्यातल्या अझाझ शहराच्या बाजारात सीरियन पाउंडाऐवजी तुर्की लिरा फिरू लागला. पाव घ्यायचा तर शेजारच्या देशाचं नाणं! माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीची मर्यादा इथेच दिसते. तरी एका अल्पसंख्य समाजाचा माणूस सगळ्या विरोधकांच्या वतीनं बोलला, हे मला फार मोलाचं वाटतं.

8 डिसेंबर 2024 ला असद पळाले. त्यानंतर हंगामी सरकारही विसर्जित झालं.