रात्रीचा स्वयंपाक आदल्या रात्री ठरतो

"इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी कुणी समुपदेशनाला येतं का हो?" खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिनं विचारलं. गोष्ट होती रात्रीच्या जेवणाची. कर्वेनगरला घर, हिंजवडीत नोकरी. घरी नवरा, नऊ वर्षांची लेक आणि मधुमेह असलेल्या सासूबाई. कंपनीची बस चांदणी चौकाच्या अलीकडे रेंगाळायला लागली की हिच्या छातीत धडधड सुरू व्हायची. मग घरी फोन: "आज काय करू?" नवरा म्हणायचा, "काहीही कर, मला चालतं." सासूबाई म्हणायच्या, "तुझ्या सोयीनं कर गं." लेक फक्त नको ते सांगायची: "भेंडी नको." एका मंगळवारी ती उघड्या फ्रिजसमोर उभी राहिली, आत तीन भाज्या होत्या, आणि तिला रडू फुटलं. "भाजी ठरवता येत नाही म्हणून रडले मी. मला काही झालंय का?"

ही एकाच घराची हकिगत नाही. अनेक घरांत पुन्हा पुन्हा दिसणारे धागे एकत्र करून, ओळखीच्या खुणा काढून ती मांडली आहे. या प्रश्नापायी येणाऱ्या बायका आधी स्वतःलाच बोल लावतात, म्हणून ती सविस्तर सांगायची.

रडू आलं म्हटल्यावर मोठी शक्यता आधी तपासायची असते. झोप, भूक, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस, जगणं नकोसं वाटणं, हे सगळं विचारायचं. उदासी सलग दोन आठवडे, दिवसातला बहुतेक वेळ टिकून असेल आणि तिच्या जोडीला यातलं बरंच काही असेल, तर प्रश्न स्वयंपाकाचा राहत नाही. मनोविकारतज्ज्ञांना दाखवायला हवं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावरही चोवीस तास विनामूल्य बोलता येतं. सतत थकवा असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावं. हिची झोप ठीक होती, रविवारी सकाळी ती मजेत थालीपिठं लावत होती. त्रास व्हायचा तो फक्त कामाच्या दिवशी, साडेसहा ते साडेआठच्या मधे. त्रास इतका घड्याळाला बांधलेला असला की आधी त्या दोन तासांतच शोध घ्यावा.

म्हणून आठ दिवसांची नोंद ठेवायला सांगितली. काय केलं एवढंच लिहायचं नव्हतं. प्रश्न पहिल्यांदा कधी आठवला, कुणाला विचारला, काय उत्तर आलं, कधी ठरलं, गॅस कधी पेटला, कुठे अडलं, असे सहा रकाने. वही भरून आली तेव्हा दोन गोष्टी स्पष्ट दिसल्या. प्रश्न दुपारी तीनलाच डोक्यात यायचा आणि ठरायचं पावणेआठला. म्हणजे जवळजवळ पाच तास तो मागे चालू. दुसरं म्हणजे आठांपैकी पाच रात्री जेवणात त्याच चार पदार्थांपैकी काहीतरी होतं. तिला वाटत होतं की सुचत नाही. सुचत होतं. अडत होतं ते दुसरीकडेच: दोन दिवस मटकी भिजवायची राहिलेली, एक दिवस ज्वारीचं पीठ संपलेलं, एक दिवस संकष्टी आहे हे संध्याकाळी लक्षात आलेलं.

"काय करू?" या दोन शब्दांत निदान सहा प्रश्न दडलेले असतात. घरात काय आहे? काय भिजलंय? कोण किती वाजता जेवणार? सासूबाईंना काय चालेल, कारण डॉक्टरांनी रात्रीचा भात कमी करायला सांगितलाय? लेक काय खाईल? आणि उद्याच्या डब्याला त्यातलं काय पुरेल? समोरच्यानं "काहीही" म्हटलं की सहाच्या सहा प्रश्न विचारणारीकडे परत येतात.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी २०१९ साली जोडप्यांच्या मुलाखतींवरून घर चालवण्यामागच्या विचाराचे चार टप्पे मांडले: गरज आधी ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं, आणि ठरलेलं नीट पार पडतंय ना यावर लक्ष ठेवणं. ठरवण्यात नवरे बऱ्यापैकी सहभागी होते. पहिला आणि शेवटचा टप्पा मात्र जास्त करून बायकांकडे होता. मटकी भिजवायची आठवण हा पहिला टप्पा. पीठ संपत आलंय हे दिसणं, हाही पहिलाच. दुसऱ्या भेटीला नवरा आला तेव्हा म्हणाला, "घरोघरी असंच असतं." खरं आहे. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता आणि ते करणाऱ्या पुरुषांचा ९७. बसमध्ये बसून "आज काय" याचा हिशेब करण्यात गेलेली मिनिटं तर बहुधा प्रवासाच्याच खात्यात पडतात.

मग पहिला बदल वेळेचा. संध्याकाळी सात ही हा निर्णय घेण्याची सगळ्यात वाईट वेळ: पोट रिकामं, अंग थकलेलं, भिजवायची वेळ टळून गेलेली. निर्णय आदल्या रात्री, ओटा पुसून झाल्यावर घ्यायचा. दोनच वाक्यं: "उद्या रात्री काय? आणि त्यासाठी आत्ता काय?" दुसरं वाक्य पहिल्याहून महत्त्वाचं. छोले-राजमा असेल तर सकाळी निघण्याआधी भिजायलाच हवा, आठ तास लागतात. मटकीला त्याहून जास्त: सकाळी एक वाटी भिजवली, रात्री उपसून ओल्या फडक्यात बांधली, की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौघांपुरती मोड आलेली मटकी तयार. डिसेंबर-जानेवारीत पुण्यातल्या थंडीत मोड रेंगाळतात. पुरचुंडी झाकणाच्या कॅसरोलमध्ये ठेवावी आणि अर्धा दिवस जास्त धरावा. हे सगळं विसरलंच तर अख्खा मसूर आहे. एक वाटीला तीन वाट्या पाणी, न भिजवता, कुकरच्या चार-पाच शिट्ट्या.

पहिल्या रविवारी तिनं उत्साहानं सात दिवसांचा पक्का तक्ता केला. सोमवारी मेथी, मंगळवारी भरली वांगी, बुधवारी मटकीची उसळ, असा. तो बुधवारीच मोडला, कारण नवरा दुपारी ऑफिसात मिसळ खाऊन आला होता आणि रात्री पुन्हा मटकी कुणाला नको होती. असे तक्ते बहुतेक घरांत चार दिवसांत मोडतात, आणि मोडले की "मला हेही जमलं नाही" याची भर पडते. पदार्थ नेमण्यापेक्षा जात नेमावी. त्यांच्याकडे टिकलेली घडी अशी: भाजी रविवारी आणतात म्हणून सोमवारी पालेभाजी, कारण मेथी-पालक थांबत नाहीत, मंगळवारी आमटी, बुधवारी कडधान्य, गुरुवारी पिठलं नाहीतर झुणका, शुक्रवारी एका भांड्यातलं, म्हणजे खिचडी, वरणफळं, मसालेभात. भाजीचा क्रमही तसाच लावायचा. भेंडी-गवार आधी, कोबी-दुधी मागून, बटाटा सगळ्यात शेवटी. शनिवार-रविवार मुद्दाम मोकळे. बुधवारी कडधान्य एवढंच ठरलेलं असलं, की मिसळ खाल्लेल्या दिवशी मटकीऐवजी मसूर होतो आणि घडी मोडत नाही.

निवडताना "सगळ्यात छान काय होईल" हे शोधायचं नाही. अटी आधी ठरवायच्या. चाळीस मिनिटांत होईल, सामान घरात आहे, सासूबाईंना चालेल, लेक निदान अर्धं खाईल. या चार अटींत बसणारा पहिला पदार्थ सुचला की तिथेच थांबायचं. १९७८चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले हर्बर्ट सायमन यांनी निर्णयाच्या अशा पद्धतीवर बरंच लिहिलं आहे: माणसाला वेळ आणि माहिती दोन्ही अपुरी असतात, म्हणून सर्वोत्तमाच्या मागे न लागता पुरेसं चांगलं ते घेतात. रात्रीच्या जेवणाला हा न्याय लावायला काहीच हरकत नाही.

घडी कोसळली तर? बस नऊला पोचली तर? त्यासाठी दोन हुकमी पदार्थ हवेत, ज्यांचं सामान घरातून कधी हलत नाही. पिठल्याला चौघांसाठी एक वाटी बेसन, तीन वाट्या पाणी. बेसन आधी एक वाटी गार पाण्यात कालवायचं; मोहरी, हिंग, हळद, मिरची, लसूण, कांद्याच्या फोडणीत उरलेलं पाणी उकळायचं, मग कालवलेलं बेसन ढवळत ओतायचं. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात, आणि घाईनं लगेच उतरवलं की कच्चट लागतं; झाकण ठेवून मंद आचेवर सहा-सात मिनिटं द्यायलाच हवीत. सोबत भाकरी. भाकरी फाटत असेल तर आधी हाताला दोष देऊ नये. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. उकळत्या पाण्याची उकड काढून मळलं तर निभतं, पण दळण थोडं थोडं आणणं हाच खरा उपाय. दुसरा पदार्थ मुगाची खिचडी. एक वाटी तांदूळ, पाऊण वाटी मूगडाळ, पाच वाट्या पाणी, तीन शिट्ट्या. सासूबाईंसाठी त्या रात्री खिचडी थोडी आणि काकडीची कोशिंबीर जास्त, किंवा दुपारची भाकरी राखून ठेवायची. पोळ्या करायचं जिवावर आलं तर पोळीभाजी केंद्रातून आणाव्यात. साडेसहालाच फोन करून सांगून ठेवावं, उशिरा गेलं की संपलेल्या असतात. त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही.

खरी गाठ सुटली ती तिसऱ्या भेटीत, सासूबाई आल्या तेव्हा. त्या म्हणाल्या, "मला का सांगता येत नाही? पण मी सांगितलं तर हिला वाटेल सासू हुकूम सोडते. म्हणून मी आपलं 'तुझ्या सोयीनं कर' म्हणते." नवऱ्याचंही तेच निघालं. फर्माईश केली तर बायकोचं काम वाढेल, म्हणून तो "काहीही" म्हणायचा. म्हणजे त्या घरात कुणी आळशी नव्हतं, कुणी तिरकसही नव्हतं. तिघंही एकमेकांना जपत होते आणि त्या जपण्याचं सगळं ओझं एकीच्या डोक्यावर येत होतं. हे उलगडल्यावर ती बराच वेळ बोलली नाही. मग सासूबाईंना म्हणाली, "आई, तुम्ही सांगितलंत तर मला खरंच सुटल्यासारखं होईल."

तिथून कामं ठरली. भिजवणं, उपसणं, मोड बांधणं आणि सोमवारची पालेभाजी निवडणं सासूबाईंकडे. त्यांच्या गुडघ्यांना फार वेळ उभं राहणं झेपत नाही. ही कामं बसून होतात. पंचांग त्या बघतातच, तेव्हा संकष्टी-एकादशी दोन दिवस आधी सांगायची तीही त्यांनीच. लेकीला शुक्रवारी दोन पर्यायांतून एक निवडायचा. घरात आता "काय करू?" असं मोकळं विचारायचं नाही, "मसूर की मूग?" असं विचारायचं. फ्रिजच्या दारावर एक चिठ्ठी, प्रत्येकाचे फक्त दोन "नको" लिहिलेली. लेकीनं भेंडी आणि दुधी लिहिलं. बाकी सगळं तिला खावं लागेल हे तिला तेव्हाच कळलं.

नवऱ्याकडे मंगळवार आणि गुरुवार आले, आणि बहुतेक घरांत घसरतं तिथेच हे घरही घसरलं. पहिल्या मंगळवारी त्याचे तिला बसमध्ये चार फोन. तूरडाळ कुठल्या डब्यात, किती घ्यायची, शिट्ट्या किती, चिंच आधी की गूळ. हात त्याचे, डोकं अजून तिचंच. दुसऱ्या मंगळवारी सासूबाईंनी कळवळून सात वाजताच कुकर लावून टाकला. दिवस सोपवायचा तर चारही टप्प्यांसकट सोपवावा लागतो, म्हणून आणखी दोन गोष्टी ठरवाव्या लागल्या. त्याच्या दिवशी स्वयंपाकाबद्दलचा फोन ती घेणार नाही, आणि आई स्वयंपाकघरात येणार नाहीत. डब्यांवर नावं लावली. कपाटाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला: तूरडाळ एक वाटी, पाणी अडीच वाट्या, अर्धा तास भिजवून चार शिट्ट्या, चिंचेचा कोळ आणि गूळ डाळ शिजल्यावरच, कारण आंबट आधी घातलं की डाळ शिजायला वेळ घेते, गोडा मसाला दोन चमचे. तिसऱ्या मंगळवारची आमटी पातळ झाली. ती तशीच खाल्ली गेली, आणि तिनं काहीही न बोलणं हे त्या आठवड्यातलं तिचं सगळ्यात अवघड काम होतं. इथे बायकांना स्वतःशी फार प्रामाणिक राहावं लागतं. पातळ आमटीवर एक वाक्य निघालं की पुढचा मंगळवार परत आपल्याकडे येतो.

सहा आठवड्यांनी ताटं साधारण सव्वाआठला पडू लागली. बुधवार अजून कधीकधी फसतो. सासूबाईंना औषधाच्या वेळेमुळे आठ-सव्वाआठला जेवावंच लागतं आणि नवरा काही दिवशी नऊच्या आधी पोचत नाही. सगळ्यांनी एकत्र बसायचा हट्ट त्यांनी शनिवार-रविवारपुरता ठेवलाय. वहीतल्या "प्रश्न कधी आठवला" या रकान्यात आता बहुतेक दिवशी "आदल्या रात्री, साडेनऊ" असं असतं. पुढची भेट आषाढाच्या शेवटच्या आठवड्यात ठेवली आहे. श्रावणात सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत, सोमवार धरतात, आणि तेव्हा गुरुवारच्या पिठल्यापासून सगळी घडी नव्यानं घालावी लागणार आहे. या वेळी ती घालायला चौघंही बसणार आहेत.